दुसऱ्याच्या मापाची एक्सपल्स

मी गुरांची डॉक्टर. राहते गारगोटीत, कामाचा पट्टा कडगाव, पाटगाव आणि त्यांच्या डोक्यावरचे धनगरवाडे. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी हा गुरांच्या कातडीचा रोग आला तेव्हा गोट पॉक्सच्या लशीचा आइसबॉक्स खांद्याला अडकवून यातले कितीतरी वाडे मी चालत केले. माझी स्कूटर डांबर संपलं की संपायची. तेव्हाच ठरवलं, पुढची गाडी अशी घ्यायची की जी डांबर संपल्यावर सुरू होईल.

ती घ्यायला २०२४ चा मार्च उजाडला. हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही ही मोटारसायकल, २०२२ चं मॉडेल, १४,००० किलोमीटर चाललेली, कोल्हापुरातल्या एका पोराकडून. पोरगा मोटारसायकलच्या हौशी रॅल्यांत उतरायचा, आता नोकरीला पुण्याला चालला होता. गाडीवर काय नव्हतं! कंपनीचं रॅली किट, वर बाहेरून आणलेला फ्री-फ्लो म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर, एअर बॉक्सचं म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या डब्याचं कापलेलं झाकण, हँडल उंच करायला खाली जादा रायझर, दोन फॉग लाइट, इंजिनाखाली ॲल्युमिनियमची जाड बॅश प्लेट, हँडगार्ड. सगळं मिळून १,०५,०००. नवरा म्हणाला, "नुसत्या साजाचेच पैसे वसूल झाले की गं." मलाही तसंच वाटलं होतं.

त्याला आता चौदा महिने झाले, साडेनऊ हजार किलोमीटर झाले. एक्सपल्सवर लिहिलेलं ढिगानं सापडतं, पण लिहिणारे बहुतेक पावणेसहा फुटी गडी. मी पाच फूट चार इंच, वजन ६१ किलो, मागं कॅरियरवर औषधांचा नऊ किलोचा बॉक्स. म्हणून गाडीबद्दल थोडं आणि त्या किटबद्दल जास्त लिहिते. शिवाय लोक गाडीवर काय चढवलं ते सांगतात. मी काय काय उतरवलं तेही सांगणार आहे.

आधी किट काय असतं ते. साध्या एक्सपल्सला पुढं १९० मिलिमीटर आणि मागं १७० मिलिमीटर सस्पेन्शनचा प्रवास मिळतो, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकतं. किटमध्ये तो पुढं २५० आणि मागं २२० होतो, आणि दोन्हीकडं प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची), कॉम्प्रेशन (दबताना किती आवरायचं), रिबाउंड (परत येताना किती आवरायचं) असं सगळं फिरवता येतं. सोबत जाड गोट्यांचे मॅक्सिस टायर, सपाट लांब सीट, हँडल रायझर, लांब गिअर पेडल आणि लांब साइड स्टँड. २०२० मध्ये हे किट पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत ३८,००० रुपये होती. पुढं कंपनीनं त्याच अंगाची गाडी थेट कारखान्यातून ‘प्रो’ नावानं काढली, तिची सीट ८९१ मिलिमीटर उंच. साध्या फोर-व्हीची सीट ८२५. या ६६ मिलिमीटरचं कागदावर काही वाटत नाही. पण अडीच इंच म्हणजे माझ्यासारखीला पायाचा चवडा टेकणं आणि नुसता अंगठा टेकणं यातलं अंतर आहे.

पहिल्याच दिवशी दारात पडले. चालताना नाही, उभ्या गाडीवरून. अंगणाला जरा उतार आहे, डावा पाय खाली सोडला, तिथं जमीन नव्हती. १५८ किलोची गाडी एका बाजूला कलली की थांबत नाही. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. "अगं, घोड्यावर बसणाऱ्यानं आधी घोडा बसवायला शिकावं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

गारगोटीतल्या आमच्या मिस्त्रींकडं गाडी नेली. म्हटलं, मिस्त्री, ही खाली करून द्या, लिंक बदला, सीटचा फोम कापा, काहीही करा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला सीटवर बसायला सांगितलं. मग मागं जाऊन बघितलं. "डॉक्टरीणबाई, गाडी उंच न्हाई. तुमी हलक्या हाय. ही बसतच न्हाई तुमच्याखाली. स्प्रिंग त्या पोराच्या वजनावर बांधलीया."

त्या दुपारी जे शिकले तेवढं जरी कुणी उचललं तरी या लिहिण्याचे पैसे वसूल. शिवणकामाचा टेप घ्यायचा. गाडी मधल्या दांड्याखाली लाकडी ठोकळ्यावर घेऊन मागचं चाक अधांतरी करायचं. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीची खूण करून अंतर मोजायचं. माझं आलं ६२२ मिलिमीटर. मग गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी करायची आणि पुन्हा मोजायचं: ६१६. मग रोज जसं निघतो तसं, म्हणजे हेल्मेट, बूट, मागं भरलेला बॉक्स, आपण सीटवर, कुणीतरी हँडल धरून, पुन्हा मोजायचं: ५८१. म्हणजे रिकामी गाडी बसते ६ मिलिमीटर, मला घेऊन बसते ४१. याला सॅग म्हणतात. साधारण हिशेब असा की माणूस बसल्यावर एकूण प्रवासाचा तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास भाग खर्च व्हावा. २२० मिलिमीटर प्रवासाला ६५ ते ७०. माझी गाडी ४१ वरच अडून बसली होती. उरलेले २५ मिलिमीटर म्हणजे माझी टाच.

सॅग कमी असल्यावर नुसता पाय पुरत नाही एवढंच होत नाही. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग पसरून त्याला खाली ढकलते, म्हणून तर चाक जमिनीला धरून राहतं. पण गाडी आधीच वरच्या टोकाला टांगलेली असेल तर पसरायला जागाच नसते. चाक हवेत राहतं, मग खाली आदळतं. जांभ्याच्या पायऱ्यांसारख्या वाटेवर मागचं चाक उड्या मारतं अशी माझी तक्रार होती. मी टायरला दोष देत होते.

मिस्त्रींनी मागच्या शॉकॲबची रिंग सैल केली, मोजली, अजून केली. शेवटी रिकामी २७ आणि मला घेऊन ६२ वर थांबलो. अजून उतरवता आलं असतं, पण रिकाम्या गाडीचा आकडा तिशी ओलांडायला लागला की समजायचं, स्प्रिंग मुळातच आपल्या वजनाला कडक आहे आणि आपण तिला सैल करून समजूत काढतोय. खरा इलाज नरम स्प्रिंग. तो विषय शेवटी.

मागून गाडी बसली तर पुढून नाक वर होतं, म्हणून फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून ८ मिलिमीटर वर सरकवल्या. इथं हावरटपणा करू नये. जास्त सरकवल्या तर वळण हलकं होतं पण उतारावर हँडल वळवळायला लागतं. पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागत नाही ना, तेही बघून घ्यायचं.

मग क्लिक, म्हणजे सस्पेन्शनच्या स्क्रूचे टप्पे. रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग परत वर येते तो वेग आवरणारा स्क्रू. पोरानं तो बराच आवळला होता, कारण तो उड्या मारायचा. जोरानं उतरलेली गाडी स्प्रिंगसारखी परत उसळली तर माणूस पुढून निघतो. मी उड्या मारत नाही. मी ताशी वीसच्या वेगानं एकामागून एक दगड खात जाते. एका दगडानं दबलेलं सस्पेन्शन वर येण्याआधी दुसरा दगड, मग तिसरा. चौथ्याला गाडीत काही शिल्लकच नसतं, लाकडी पाटावर बसल्यासारखं होतं. पुढं पाच आणि मागं चार क्लिक उघडले. घरच्या घरी तपासायचं असेल तर सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. वर येऊन पुन्हा खाली झुलली तर रिबाउंड कमी, रेंगाळत वर आली तर जास्त. आणि हात घालण्याआधी स्क्रू घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद करत क्लिक मोजून वहीत लिहायचे. माझ्याकडं ते गुरांच्या लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर आहेत.

या एका दुपारची मजुरी मिस्त्रींनी ४०० रुपये घेतली. गाडीवर जे हजारो रुपये लागलेत त्यात सगळ्यात जास्त फरक या चारशेनं पडला.

आणि लगेच त्याचा झटकाही बसला. आठवड्यानं पाटगावच्या वर एका वाड्यावर गाडी साइड स्टँडला लावून मी गोठ्यात गेले. आतून आवाज आला. बाहेर येऊन बघते तर गाडी उजव्या अंगावर आडवी, ब्रेकचा लिव्हर तुटलेला, आइसबॉक्सचं झाकण उघडून लशीच्या बाटल्या शेणात. किटचा स्टँड लांब असतो, उंच गाडीसाठी. आम्ही गाडी खाली बसवली, पण स्टँड तेवढाच ठेवला. गाडी जवळजवळ सरळ उभी राहत होती आणि जरा वाऱ्यानं किंवा शेळीनं धक्का दिला की पलीकडं. शेळी होती, हे नंतर कळलं. कोल्हापूरला गेले तेव्हा उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टँड १५ मिलिमीटर कापून जोडून घेतला आणि खाली हातभर नाही पण तळहाताएवढी पट्टी मारून घेतली, चिखलात रुतू नये म्हणून. तिथं लेथ, मिलिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर. अशा किरकोळ कामाला कुणी नाक मुरडत नाही. दीडशे रुपये.

चेनचंही तसंच. सस्पेन्शन जितकं लांब, तितकी चेन वर-खाली होताना जास्त ताणते-सुटते. पुढचं स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चकती, स्विंगआर्मचा म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ. स्टँडवर बघून नेहमीसारखी आवळली तर त्या क्षणी ती गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढते. म्हणून दोघांना गाडीवर बसवून ॲक्सल त्या रेषेत आणायचा आणि तिथं थोडा ढिलेपणा राहतो का बघायचा. स्टँडवर मग ती लोंबल्यासारखी दिसते. लोक सांगतात, ताई, चेन सैल झालीय. असू दे म्हणते.

आता उतरवलेल्या गोष्टी.

पहिला सायलेन्सर. खरेदीनंतर पंधरवड्यात रात्री साडेअकराला फोन आला, म्हैस अडलीय. गेले. वाड्याच्या खालच्या चढावर पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर दिला आणि वर एकच गोंधळ. मी पोचेपर्यंत तिनं दावं तोडलेलं, दोन गडी तिच्या मागं अंधारात. अडलेल्या जनावराला काय लागतं तर शांतता, आणि मी तिथं पोचले फटाक्यांची माळ लावल्यासारखी. म्हातारा काही बोलला नाही. रेडकू निघालं, जगलं. हात धुवायला पाणी ओतताना मात्र म्हणाला, "ताई, तुमी म्हागारी जाताना गाडी ढकलत न्या खालपतोर." नेली.

दुसऱ्या दिवशी पोराला फोन केला. मूळ सायलेन्सर त्याच्या आईच्या माळ्यावर होता. तो आणून बसवला. ताकद गेली का? फोर-व्हीचं इंजिन १९.१ पीएसचं. फ्री-फ्लोनं त्यात काही भर पडली असेल तर मला कधी जाणवली नाही. जाणवला तो नुसता आवाज आणि ॲक्सिलरेटर सोडला की होणारी फटफट. नुसता बाहेर जायचा रस्ता मोकळा केला आणि पेट्रोलचं माप त्याप्रमाणं जुळवलं नाही, तर हवेत पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत. पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोलर फिरवलेला फोटो दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शहरातून येतो. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरणीचा सायलेन्सर त्यात दिसायला नको.

दुसरं, कापलेलं एअर बॉक्स. कल्पना अशी की इंजिनाला हवा जास्त मिळेल. जुलैत ओढ्यात पाणी जास्त मिळालं. मांडीएवढ्या पाण्यात मधेच गाडी ढासळली, बंद. नशीब, स्टार्टर दाबला नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. काठावर ढकलत आणली, प्लग काढला आणि मग स्टार्टर मारला तेव्हा प्लगच्या भोकातून कारंजं उडालं. फिल्टर लगदा. भिजलेल्या कोकराला उलटं धरून नाकातोंडातलं पाणी काढतात तसंच सगळं चाललं होतं, फक्त कोकरू १५८ किलोचं. एअर बॉक्सचं नवं झाकण आणि कागदी फिल्टर मिळून हजार-बाराशे लागले. तेव्हापासून ओढ्यात शिरण्याआधी मी काठी घेऊन चालत एक फेरी करते. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गाडी अलीकडं आणि मी पलीकडं, लम्पीच्या वर्षासारखी.

तिसरं, फॉग लाइट. दिवे चांगले होते, जोडणी वाईट. टाकीखाली हेडलाइटच्याच वायरला सोलून पिळलेली वायर, वर काळी पट्टी. ना रिले, ना फ्यूज. ऑगस्टमध्ये पाटगावहून येताना पावसात एकदम सगळं अंधारलं. मोबाइलची बॅटरी दातांत धरून पट्टी सोडवली, जोड सुटा केला, हेडलाइट आला. आता एकच दिवा ठेवलाय, बॅटरीवरून स्वतंत्र, फ्यूज आणि रिलेसह. दुसरा गोठ्यात लावलाय. तिथं उत्तम चालतो.

चौथं, जादा रायझर. किटचे रायझर ठीक आहेत, उभं राहून चालवताना हँडल हाताशी येतं. पोरानं त्याच्यावर अजून एक इंच चढवला होता, पाच फूट अकरा इंचांच्या माणसासाठी. मला उभं राहिलं की खांद्याच्या वर हात. आणि हँडल पूर्ण डावीकडं वळवलं की इंजिनाचा आवाज आपोआप वाढायचा, कारण ॲक्सिलरेटरची केबल तेवढ्या उंचीला पुरतच नव्हती. हे कुणाच्या गाडीत होत असेल तर आजच बघा. अरुंद वाटेवर गाडी वळवताना ती स्वतःहून पुढं जाणं हा काही गंमतीचा भाग नाही. जादा तुकडा काढला. लिव्हर खाली फिरवले, उभं असताना मनगट सरळ राहील असे. पाना एक, वेळ दहा मिनिटं.

पोरानं एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा फ्यूजही काढून ठेवला होता. २०२२ च्या गाडीला फक्त पुढच्या चाकाला एबीएस आहे आणि ते बंद करायचं बटण नाही. तीन मोडचं एबीएस २०२३ च्या गाडीपासून आलं. मातीच्या उतारावर पुढचं एबीएस त्रास देतं हे खरं, ब्रेक दाबून ठेवला तरी गाडी सरकत राहते. पण माझा अर्ध्याहून जास्त रस्ता डांबरी आहे, आणि त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. फ्यूज परत लावला. उतारावर मागचा ब्रेक आणि पहिला गिअर पुरतो.

जे ठेवलं त्यात सगळ्यात वर १२ दातांचं पुढचं स्प्रॉकेट. मूळचं १३, मागं ४०. म्हणजे गुणोत्तर ३.०८ वरून ३.३३ झालं, सुमारे आठ टक्के जोर जास्त. सायलेन्सरनं जे दिलं नाही ते या काही शे रुपयांच्या चकतीनं दिलं. चिक्केवाडीकडं, रांगण्याच्या वाटेवर, दगडांत पहिल्या गिअरवर क्लच न जाळता चालत्या माणसाच्या वेगानं जाता येतं. किंमत अशी की कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर सत्तरच्या पुढं इंजिन कण्हतं, आणि लहान चाकावर चेन जास्त वाकत असल्यामुळं झिजतेही लवकर. माझं महामार्गाशी काही देणंघेणं नाही. ज्याला आठवड्याला पुण्याला जायचंय त्यानं १३ च ठेवावं.

टायर. पुढं २१ इंच, मागं १८, दोन्ही स्पोकचे आणि ट्यूबवाले. गोट्यांचे टायर चिखलात काम करतात. आमच्या लाल मातीचा मात्र स्वभाव वेगळा. पहिल्या पावसात ती शेंगदाण्याच्या लाडवासारखी चिकटते आणि गोट्यांच्या मधली सगळी जागा भरून टाकते, मग टायर गुळगुळीत नळकांडं होतो. त्यावर उपाय थोडा वेग, चाक फिरून माती उडाली पाहिजे. आणि थोडी कमी हवा. डांबरावर मी पुढं २२ आणि मागं २६ पीएसआय ठेवते, चिखलात १६ आणि १८. पण जांभ्याच्या खडकात १६ वर जाल तर पस्तावाल. टायर दगडाच्या धारेवर आदळतो, ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. याला गाडीवाले स्नेक बाइट म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसूच आलं, अगदी घोणस चावल्यासारखे दोन दात. चारदा झालं आहे. २१ इंची ट्यूब आमच्याकडं दुकानात सहज मिळत नाही, म्हणून एक कायम सीटखाली. अडलं तर तीच दुमडून मागच्या १८ इंची चाकातही घालता येते, घरापर्यंत पोचवते. सोबत दोन टायर लिव्हर, पायपंप आणि टाल्कम पावडरची डबी.

बॅश प्लेट आणि हँडगार्ड राहिले. दोघांनी आपापला पगार कमावला आहे. प्लेट आणि इंजिनाच्या मधे लाल चिखल साठून विटेसारखा वाळतो, तो दर पंधरवड्यानं खरवडावा लागतो, एवढंच.

एक बारकी युक्ती, फुकट. पुढच्या फोर्कच्या रबरी सीलमध्ये चिखलाचा कण अडकला की तेल गळायला लागतं. दर वेळी सील बदलायला लागत नाही. आधी धूळ अडवणारं वरचं रबर वर सरकवायचं, फिल्मची एक पट्टी कापून तिच्या टोकाला आकडीसारखी खाच करायची, ती सील आणि नळीच्या मधून खाली सरकवून गोल फिरवायची. कण बाहेर येतो, गळणं थांबतं. लोक फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वापरतात. माझ्याकडं कुत्र्यांच्या मोडलेल्या पायांच्या एक्स-रे फिल्म आहेत. एका डॉबरमनच्या मांडीच्या हाडानं माझं डावं सील दोनदा वाचवलंय.

किट घ्यावं का, असं मला आता तालुक्यातले दोघं-तिघं विचारतात. माझं मत: नवी गाडी घेणारा हलका आणि बुटका असेल, वेग चाळीसच्या आत असेल, तर आधी साधी गाडी घेऊन तिच्यावर १२ दातांचं स्प्रॉकेट, टायर आणि हँडगार्ड एवढंच करावं. १९० मिलिमीटर काही कमी नसतात, आणि पाय टेकणं हीसुद्धा सस्पेन्शनइतकीच कामाची गोष्ट आहे. वजन सत्तरच्या वर असेल, उंची असेल, दगडधोंड्यात रोज ओझं घेऊन जायचं असेल, तर किट पैशाला पुरून उरतं. सपाट सीट आणि फिरवता येणारं सस्पेन्शन या दोन गोष्टींसाठी तर नक्कीच. ओझं बदललं की क्लिक बदलता येतात, हे साध्या गाडीत नाही. मी पुन्हा घेईन का? घेईन, पण पहिल्याच दिवशी टेप घेऊन बसेन.

दिवाळीत पोरगा घरी आला होता, गाडी बघायला म्हणून गारगोटीपर्यंत आला. चहा झाला, किल्ली दिली. गल्लीच्या तोंडाशी गटारावरचा बंप आहे, त्याच्यावरून त्यानं सवयीनं उभा राहून गाडी घातली. मागं खाड् करून तळाला लागली ते मला दारातून ऐकू आलं. परत आला तो खाली वाकून शॉकॲबकडंच बघत होता. "मॅडम, गाडीला काय झालं? पार बसलीय की!" मी वही आणून मागचं पान दाखवलं. त्यानं आकडे वाचले, मोबाइलमध्ये फोटो काढला. त्यानं स्वतः सॅग कधी मोजलाच नव्हता. शोरूममध्ये जसं बसवून मिळालं तसं आणि नंतर कुणी सांगितलं तसं आवळलेलं, असं म्हणाला. जाताना फ्री-फ्लो परत मागितला, पुण्यात मित्राला हवाय म्हणून. चार हजारांत दिला. त्यातून चेन-स्प्रॉकेटचा सेट आला आणि २१ इंची दोन ट्यूब.

आता राहिली ती नरम स्प्रिंग. मिस्त्री म्हणतात, पावसाळ्याआधी बसवू. उद्यमनगरात स्प्रिंग वळवून देणारे आहेत, पण त्यांना तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या सांगावी लागते, आणि त्यासाठी आधी आताची काढून मोजायला हवी. म्हणजे गाडी दोन दिवस उभी. मे संपत आलाय, फऱ्या-घटसर्पाची लस सुरू आहे. जूनमध्ये वरच्या वाड्यांवर जायचं बंद झालं की मग बघू.